पट्टी बाहेर आहे ना, काका?

मी माणसांवर पटकन विश्वास ठेवत नाही. हा स्वभाव मुळातच होता की नदीने लावला, ते आता सांगता येणार नाही. आठवडाभर मी रायपूरमध्ये एका तरणतलावावर पोहायला शिकवते. पावसाळा ओसरला, की रविवारी सहा-सात नवख्यांना घेऊन धमतरीच्या पुढे डोंगराकडे जाते. तिथे महानदी दगडांतून आदळत-आपटत येते, आणि त्या पाण्यात मी लोकांना पहिल्यांदा कयाकमध्ये बसवते. कयाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती, वरून झाकलेली होडी. पाय लांब करून आत बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. हे शिकवणं तसं सोपं आहे. अवघड आहे ते समोरचा माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यातलं किती खरं, हे ओळखणं.

"पोहता येतं का?" या प्रश्नाला आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. लहानपणी गावच्या तलावात म्हशीची शेपटी धरून भिजलेला माणूसही छाती काढून हव म्हणतो. म्हणून मी तोंडाचं ऐकत नाही, हातांकडे बघते. पाण्याच्या काठाशी आल्यावर ज्याचा हात शेजारच्याचा दंड शोधायला लागतो, त्याला पोहता येत नाही. आई म्हणते, तू पोलिसात जायला पाहिजे होतं. पोलिसांना निदान एका वेळी एकाच माणसावर संशय घ्यायचा असतो.

त्या वर्षी माझ्या तलावावर एक मुलगी यायची. चौबे कॉलोनीतली, आमच्यासारखीच विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आलेल्या घरातली. वीस वर्षांची, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. बोलायची हिंदीत, पण मराठीतलं अक्षर न् अक्षर कळायचं. पाच महिन्यांत ती पोरगी कयाकसकट उलटी होऊन, एका वल्ह्यानिशी पाण्याखालून पुन्हा सरळ यायला शिकली. मला स्वतःला ते जमायला दोन हंगाम लागले होते. तिला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे तलाव सोडून नदीवर येणं, आणि पुढेमागे माझ्याबरोबर हेच काम करणं. मलाही ती हवी होती. फोन करणाऱ्या बायका पहिला प्रश्न विचारायच्या, "आणखी कोणी लेडीज असते का?" आणि मी एकटीच असायचे.

अडलं होतं ते तिच्या बाबांच्या होकारावर. ते एका सरकारी कचेरीत होते, निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेली. "मी आधी पाहतो, मंग सांगतो," एवढंच ते घरी म्हणाले होते.

पाहतो म्हणजे काय, ते मला पुढच्या पंधरा दिवसांत कळलं. मी समता कॉलोनीत राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. एके सकाळी टपरीवाल्या भैयाने मला थांबवलं. "दीदी, एक अंकल आए थे. पूछ रहे थे घर में कौन-कौन है, कितने बजे आती-जाती हैं, गुस्सा करती हैं क्या."

"तो आपने क्या कहा?"

"बाकी सब अच्छा बताया. गुस्सा तो बताना पड़ा."

मग तलावाच्या चौकीदाराने तेच सांगितलं. मग आमच्या शेजारच्या काकूंनी, तेही जरा खूश होऊन. लग्नासाठी स्थळ आलं, की आपल्याकडे मुलीचा बाप गुपचूप जाऊन मुलाच्या गल्लीत चौकशी करतो, पानवाल्याला विचारतो, घराच्या पायऱ्या झाडलेल्या आहेत का बघतो. हे गृहस्थ माझी अगदी तशीच चौकशी करत होते. काकूंना तर वाटलं होतं, की माझंच लग्न ठरतंय. मला हसू यायला हवं होतं, पण मला राग आला. दुसऱ्यावर संशय घ्यायची सवय असलेल्या माणसाला स्वतःवर घेतलेला संशय अजिबात सोसत नाही.

आणि मग एका गुरुवारी त्यांचा फोन आला. "मॅडम, या रविवारच्या बॅचमंदी माझं नाव लिवा. मीच येतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. छप्पन-सत्तावन्न वर्षांचा माणूस उगीच होडीत बसायला येत नाही. मुलीला म्हटलं, तुझे बाबा नाही म्हणायला निमित्त शोधून राहिले. ती म्हणाली, "दीदी, प्लीज़, उनको अच्छे से संभाल लेना. एक ही चांस है." नंतर हे वाक्य मला बरेच दिवस आठवत राहिलं.

रविवारी पहाटे जीप निघाली तेव्हा ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. बसण्याआधी त्यांनी चारही टायर पाहिले. अभनपूरला आम्ही चहाला थांबलो, तेव्हा बाकीचे चहा पीत असताना ते माझी औषधांची पेटी उघडून एकेका डबीवरची तारीख वाचत होते. भाजल्यावर लावायचं मलम दोन महिन्यांमागे बाद झालेलं निघालं. ती ट्यूब त्यांनी माझ्या सीटवर ठेवली, बरोबर मध्यभागी, आणि खिडकीबाहेर बघत बसले. नदीवर कुणी भाजत नाही, असं मी म्हणू शकले असते, पण ट्यूब उचलून टाकून दिली.

माझं हेल्मेटही त्यांना चाललं नाही. त्यांनी घरून स्कूटरचं आणलं होतं, का तर त्यावर आयएसआयचा शिक्का होता. मी म्हटलं, त्यात पाणी भरलं तर मान मोडेल. त्यांनी दोन्ही हेल्मेटं हातात घेतली, वजन केल्यासारखी तोलली, आणि मोठा उपकार केल्यासारखं माझं घातलं.

बॅचमध्ये तिचे बाबा, म्हणजे सगळ्यांचे काका, सोडून पाच जण होते. एका बँकेतले तिघे मित्र आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं. माझ्या मदतीला गावातले एक मच्छीमार भैया असतात, ते खालच्या अंगाला दगडावर बचावाची दोरी घेऊन उभे राहतात. पंधरा वर्षं त्या पाण्यात जाळं टाकणारा माणूस. त्यांच्यावर मात्र माझा विश्वास आहे, कारण ते स्वतःबद्दल काहीच सांगत नाहीत.

आधी संथ डोहात शिकवणी होते. कयाकमध्ये पाणी जाऊ नये म्हणून कमरेला रबरी कापडाचा एक घेर घालतात. त्याला सगळे स्कर्टच म्हणतात, आणि दर वेळी त्यावर पुरुष हसतात. त्याचा काठ होडीच्या तोंडाभोवती ताणून बसवला, की माणूस आणि होडी एकजीव होतात. होडी उलटली, तर डोकं पाण्याखाली आणि पाय आत अडकलेले. त्यासाठी स्कर्टच्या पुढच्या बाजूला एक जाड पट्टी लोंबत असते. ती चाचपायची, पुढे ढकलून ओढायची, स्कर्ट सुटतो, आणि माणूस आपोआप बाहेर पडतो. त्याआधी होडीच्या बुडावर तीन थापा मारायच्या, म्हणजे मला कळतं. एवढंच शिकवायचं असतं, पण ते शिकल्याशिवाय कुणाला मी पुढे जाऊ देत नाही. प्रत्येकाला एकदा मुद्दाम उलटं करते आणि बाजूला कमरभर पाण्यात उभी राहते.

बँकेतला सगळ्यात मोठमोठ्याने बोलणारा मुलगा नाकात पाणी गेल्यावर रडवेला झाला. नवी नवरी दोन सेकंदांत बाहेर आली. काकांची पाळी आली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून रुमालात बांधला, रुमाल खिशात घातला आणि खिशाची चेन लावली. मग म्हणाले, "एकदा सांगतलं की समजते मले. करा." मी उलटं केलं. तीन थापा, पट्टी, आणि ते बाहेर. केस कपाळाला चिकटलेले, चेहऱ्यावर काही नाही. मनातल्या मनात मला मान्य करावं लागलं, की बापाच्या हातातही लेकीसारखंच कसब आहे.

मग सगळे काठावर आले. मी डब्यातून आणलेली तांदळाची धिरडी, इकडे चिला म्हणतात ती, आणि टोमॅटोची चटणी सगळ्यांनी खाल्ली. काका भैयांपाशी जाऊन बसले होते आणि हळू आवाजात काहीतरी विचारत होते. मी जवळ गेले तशी त्यांनी विषय बदलला. पुन्हा चौकशी. आज तुम्ही माझ्याच डब्यातलं खाताय, माझ्याच होडीत बसताय, आणि अजून तुम्हाला वाटतं की कुठेतरी पाणी मुरतंय. मला अगदी उबग आला होता.

त्यानंतर जे झालं ते मी जसं झालं तसं लिहिते.

खाणं झाल्यावर सगळे आपापले स्कर्ट चढवून होडीत बसले. पुढे खरं पाणी होतं. तीन दगड आणि त्यांच्यामधून उसळणारी धार, तिला आम्ही चूल म्हणतो. पाण्यात ढकलण्याआधी मी प्रत्येकाच्या पोटापाशी हात नेऊन पट्टी बाहेर आहे का ते ओढून बघते. हा माझा नियम आहे आणि कारण त्याचं साधं आहे. आपल्याकडची माणसं लोंबणारी गोष्ट आत खोचतात. लहानपणापासून नाडी बाहेर दिसली की पाठीत धपाटा मिळालेला असतो. हात आपोआप जातो आणि टोक आत सरकवतो, डोक्याला पत्ताही नसतो. म्हणून मी विचारत नाही, ओढून बघते. बँकेतल्या तिघांची ओढली. नवऱ्याची ओढली, बायकोची ओढली.

काकांपाशी आले. ते सरळ समोर बघत बसले होते, हात वल्ह्यावर. वयाने मोठे, त्या मुलीचे वडील, आणि सकाळपासून माझ्यावर नजर ठेवून असलेले. त्यांच्या कमरेला हात लावायचा म्हणजे, तुमच्यावर माझा भरोसा नाही, असं तोंडावर म्हणणं झालं असतं. आणि खरं सांगायचं, तर त्यांच्या अंगाला हात लावायची मला लाज वाटली. बँकेतल्या पोरांची नव्हती वाटली.

"पट्टी बाहेर आहे ना, काका?"

"हव."

मी होडी ढकलली.

मी आधी खाली गेले आणि चुलीच्या खालच्या संथ पाण्यात थांबले. एकेक जण येऊ लागला. नवरी किंचाळत आली, पण सरळ आली. तिचा नवरा आला. बँकेतले दोघे आले, तिसरा उलटला आणि लगेच बाहेर पडला, भैयांनी दोरी टाकून ओढला. शेवटी काका. धार त्यांना मधल्या दगडावर घेऊन गेली, ते उलट बाजूला कलले, आणि होडीचं बूड वर आलं.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीनपर्यंत बाहेर यायला हवे होते. बुडावर थापा ऐकू आल्या, नेमक्या तीन, शिकवल्यासारख्या. मग थोडा वेळ काही नाही. मग थापा पुन्हा आल्या, या वेळी तीन नव्हत्या, न मोजता येण्याइतक्या. मी वल्हं मारत होते आणि पाणी मला मागे लोटत होतं. त्यांची होडी माझ्याकडे वाहत येत होती म्हणून, नाहीतर मी पोचले नसते. थापा थांबल्या. मी पुढे वाकले, त्यांच्या होडीच्या पलीकडचा काठ धरला, आणि सगळं अंग टाकून ती माझ्याकडे फिरवून सरळ केली. ते वर आले. तोंड उघडं, डोळे उघडे, दोन्ही हात स्कर्टवर पोटापाशी काहीतरी शोधत होते. स्कर्ट समोरून सपाट होता. लोंबणारं काहीच नव्हतं.

भैया पाण्यात उतरून आले. आम्ही बाजूने स्कर्ट सोडवला आणि त्यांना काठावर नेलं. ते खोकले, ओकले, मग खिशाची चेन उघडून त्यांनी रुमालातून चष्मा काढला आणि घातला. सगळे भोवती गोळा झाले होते. त्यांनी सगळ्यांसमोर मला हात जोडले.

"मॅडमची काही चुकी नाई. मले शिकवलं होतं. मी घाबरलो, मले पट्टीच सापडली नाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "पोट्टीले पाठवतो मी. तुमी होत्या म्हून आज मी हाव. आता मले काही विचारायचं नाई."

होकार मिळाला होता. पाच महिने ज्याची वाट बघितली तो, सगळ्यांच्या साक्षीने. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला त्यांच्या जागी त्यांची पोरगी दिसली, डोकं खाली, बुडावर थापा मारणारी, आणि मी पाण्यात मागे मागे जाणारी. मी पाठ वळवून दोऱ्या गुंडाळायला लागले.

बाकीच्यांच्या पट्ट्या ओढून पाहिल्या आणि यांची नाही, हे त्यांच्यापैकी कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. भैयांनाही नाही. मी गप्प बसले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळे पेंगत होते, आणि काका पहिल्यांदाच टायर न बघता मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. अभनपूरला पुन्हा चहाला थांबलो. मी त्यांना बाजूला बोलावलं.

"काका, तुम्ही घाबरला नव्हता. पट्टी आत खोचलेली होती. ओढायला तिथे काही नव्हतंच."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी खोचली?"

"हो. सगळेच खोचतात. म्हणून मी प्रत्येकाची ओढून बघते. तुमची नाही बघितली."

"माझी काहून नाई?"

"तुम्ही मोठे. मला लाज वाटली. आणि तुम्ही सकाळपासून माझ्यावर संशय घेत होता, त्याचाही राग होता."

ते रस्त्याकडे वळले. धानाने भरलेला एक ट्रॅक्टर धूळ उडवत गेला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी गल्लीत विचारलं, चौकीदाराले विचारलं, त्या दोरीवाल्या भैयालेबी विचारलं, का मॅडम कधी गाफील राहते का. तो नाई म्हणे," ते म्हणाले. "मी विचारून राहिलो होतो ते बरोबरच होतं, मॅडम. फक्त मी पाण्यात गेल्यावर विचारणं सोडलं."

"तिच्या वेळेस असं होणार नाही, काका. तिची मी दहादा बघीन."

"हव, तिची पाहसान तुमी. पण उद्या तिथं अजून कोणी मोठा माणूस येईन, अजून कोणाची लाज वाटन, अन् तवा ही पोट्टी खाली त्याले काढाले जाईन." ते उठले. "खरं सांगतलं हे चांगलं केलं. पण पोट्टी नाई येणार."

रायपूरला पोचलो. घरी उतरताना त्यांनी मला पुन्हा हात जोडले, मघासारखेच.

सोमवारी संध्याकाळी ती तलावावर आली. कपडे बदलले नव्हते. पोहणाऱ्या लहान मुलांचा गलका चालला होता, त्यामुळे ती माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. घरी तिला सगळं कळलेलं होतं, बाबांनी काही लपवलं नव्हतं. आधी त्यांनी हो म्हटलं होतं, हेही.

"उन्होंने हाँ बोल दिया था, दीदी. आप चुप रहतीं तो मैं इस संडे नदी पर होती."

मी तिला सांगितलं, की खोट्यावर मिळवलेला होकार मला नको होता. की माझी चूक होती आणि ती त्यांना कळायला हवी होती, तो त्यांचा हक्क होता. की अशी सुरुवात झाली असती तर पुढे तिने माझ्यावर विश्वास कसा ठेवला असता. मी बरंच बोलले, आणि एकही शब्द खोटा नव्हता. ती ऐकत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. माझ्या हातात शिट्टीची दोरी होती आणि मी ती बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"आप डर गई थीं ना," ती म्हणाली. "मुझे ले जाने से. इसलिए बताया."

पलीकडे कुणीतरी पाण्यात उडी मारली आणि आमच्या पायांवर शिंतोडे आले. मी दोरी खाली सोडली.

"हव," मी म्हटलं.